उघडी भिंत

यंदा चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती, गणपती अजून आणायचा होता, आणि सासूबाईंच्या माहेरच्या एक आजी सगळ्यांच्या आधी येऊन टेकल्या. पायांवर पाणी घेतलं, छत्री पडवीच्या कोपऱ्यात उलटी उभी केली आणि आत यायच्या ऐवजी घराच्या पश्चिमेला वळून भिंतीकडे बघत राहिल्या. तिथला गिलावा गेल्या पावसाळ्यात पडला होता. उरलेला लोंबत होता तो आम्हीच ठोकून काढला, त्यामुळे जोत्यापासून वाशांपर्यंत सगळा चिरा, म्हणजे जांभा दगड, उघडा. आजी म्हणाल्या, "पयशे सोंपले काय कितें?" मोठ्याने म्हणाल्या, आणि त्यात खवचटपणा अजिबात नव्हता, खरीखुरी काळजी होती. आमच्या सासूबाई एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. त्या दिवशी मात्र "पाऊस थांबला की करणार आहोत" एवढंच बोलल्या आणि पाहुण्यांच्या खुर्च्या त्यांनी स्वतः ओढत पूर्वेच्या पडवीत नेऊन मांडल्या. दरवर्षी त्या खुर्च्या पश्चिमेला असतात, तिकडे वारा येतो.

त्याच आठवड्यात भाड्याच्या स्कूटरवरून एक जोडपं वाट चुकून आमच्या वाड्यावर आलं. देऊळ शोधत होते. रस्ता सांगून झाला तरी मुलगी हलेना. कुंपणाशी उभं राहून तिने भिंतीचे फोटो काढले, मग भिंतीला पाठ लावून स्वतःचे काढून घेतले, आणि जाताना मला हात जोडून म्हणाली, "आंटी, इसको कभी पेंट मत कीजिएगा." मी बरं म्हटलं. पाव्हण्याला आणखी काय म्हणणार?

एकच भिंत. एकीला त्यात पैशांची तंगी दिसली, दुसरीला श्रीमंती.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या बाजूला उघडा चिरा म्हणजे अर्धवट राहिलेलं घर, हे सगळ्यांना माहीत असतं. मुलगा आखातातून पैसे पाठवायचा थांबला, भावाभावांत वाटणीवरून बिनसलं, किंवा छप्पर घालेपर्यंत कर्ज संपलं, की गिलावा राहतो. मग पाचदहा वर्षं लोक त्या घराला "तें अर्दें घर" म्हणतात. गोठा, विहिरीचा कठडा, कुंपणाचा गडगा यांना गिलावा नसला तरी चालतो. माणसं राहतात त्या भिंतीला नाही. सासऱ्यांनी साठच्या दशकात, गोवा मुक्त झाल्यावर थोड्याच वर्षांत हे घर बांधलं तेव्हा चिरा जवळच्या खाणीतला, सांधा मातीचा आणि वरून चुन्याचा गिलावा असं होतं. नव्वदच्या दशकात हातात पैसे आले तेव्हा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला, त्यावर पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. सगळ्या गावाने तेच केलं. चारपाच पावसाळे भिंत गुळगुळीत, घर नवं दिसलं. मग पश्चिमेकडून सुरुवात झाली. आधी रंगाला पुरीसारखे फुगे आले. बोटाने दाबले की फुटायचे आणि आतून पाणी ओघळायचं. मग पोपडे, मग खाली जोत्याजवळ लोणा, पांढरी खारट भुकटी. चिरा आणि मातीचा सांधा आतल्या आत ओल धरून बसले होते आणि सिमेंट तिला बाहेर सोडत नव्हतं. दर दोनतीन वर्षांनी आम्ही फुगे खरवडून वर आणखी चांगल्या कंपनीचा, आणखी दाट रंग मारत गेलो, म्हणजे बाहेर पडायची उरलीसुरली वाटही बुजवत गेलो. शेवटी गिलाव्याचा दाराएवढा तुकडा एका रात्री तुळशीच्या अलीकडे येऊन पडला.

ठोकून काढल्यावर भिंत बघण्यासारखी होती, हे मात्र खरं. चिरा लांबून नुसता लाल दिसतो. नाक लागेल इतकं जवळ गेलं की त्यात जांभळट काळा, गंजाचा तपकिरी, पिवडीचा पिवळा, मधूनच मळकट गुलाबी असे पट्टे दिसतात, आणि सगळीकडे भोकं. काही करंगळी आत जाईल एवढी, आतून गुळगुळीत. काहींत पिवळी माती ठासलेली, काडीने टोकरली तर भुरभुर खाली येते. एका भोकात कुंभारमाशीने घर केलं होतं, एका सांध्यातून मुंग्यांची रांग आत जात होती ती दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशी निघत होती, हा शोध मला तेव्हाच लागला. संध्याकाळचं ऊन आडवं पडलं की प्रत्येक भोकाची वेगळी सावली पडते. मी चहाचा कप घेऊन तिकडे बसायला लागले. इतकी वर्षं आपण या दगडाच्या आत राहत होतो आणि त्याचं तोंड पाहिलं नव्हतं, असं वाटत राहिलं. त्या स्कूटरवाल्या मुलीला मी हसले नाही, त्याचं कारण हे.

पण चिऱ्याची दुसरी बाजूही आहे. हा दगड पावसानेच घडवलेला. मूळ खडकातलं विरघळण्यासारखं ते लाखो वर्षांच्या पावसात वाहून गेलं, लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. जमिनीत असतो तेव्हा मऊ, हत्याराने कापता येतो, वाऱ्यावर आला की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात, आजच्या केरळातल्या अंगाडिपुरमला हे पाहिलं आणि त्याच्या १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं. टणक झाला तरी पाण्याला तो अडवत नाही. गोव्यात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नैर्ऋत्येचा वारा तो सगळा पश्चिमेच्या भिंतीवर आणून फेकतो. श्रावण संपेपर्यंत आमच्या सुंदर भिंतीवर खालून कमरेएवढं हिरवं शेवाळ चढलं होतं, सांध्यांतून नेचे डोकावत होते, आणि आतल्या खोलीत कपाटाच्या मागे हात लावला तर थंडगार ओलं.

पेंटरला बोलावलं. त्याने भिंतीवरून तळहात फिरवला, लाल झालेला तळहात मला दाखवला आणि म्हणाला, "वहिनी, ही भिंत लिटरवर लिटर पिणार." त्याच्याकडे तीन उपाय होते. पुन्हा गिलावा करून एक्स्टिरिअर इमल्शनचे दोन हात, सात वर्षांची वॉरंटी. किंवा गिलावा न करता चिऱ्यावरच प्रायमर आणि रंग, स्वस्तात काम. किंवा सिलिकॉनचं रंगहीन पाणी मारायचं, "दगड दिसतोही आणि भिजतही नाही." हे तिसरं ऐकून मला बरं वाटलं होतं. मग रिसॉर्टांच्या कुंपणभिंती आठवल्या. चिऱ्याला चकाकतं पॉलिश मारलेलं, पहिल्या वर्षी कायम नुकता पाऊस पडून गेल्याचा भास, आणि पुढे ओल आत अडकून त्याच चकाकीखाली पांढरे ढग. सिलिकॉनचं पाणी म्हणजे पॉलिश नव्हे, ते भोकांच्या आत मुरतं, वर कातडं धरत नाही, असं पेंटर म्हणाला आणि ते बरोबरच आहे. पण ते कोरड्या भिंतीचं औषध. ज्या भिंतीत जमिनीकडून ओल चढते आणि वरून कौलांचं पाणी झिरपतं, तिला बाहेरून पाणी नको म्हणून सांगून काय उपयोग?

याच दिवसांत आमच्या पुतण्याचा फोन आला. तो पेनसिल्व्हेनियात असतो, तिकडे त्याने जुनं विटांचं घर घेतलंय. लाल विटा, करडे सांधे. बायकोला घर पांढरं हवंय. "काकी, इथे सगळी गल्ली पांढरी होत चाललीय," तो म्हणाला, आणि मग मी सून होऊन आल्यापासून सासूबाईंशी जेवढी बोलणी झाली नसतील तेवढी त्याच्याशी फोनवर नुसत्या भिंतींवरून झाली. त्याने सगळा अभ्यास केला होता. वीट भट्टीत भाजते तेव्हा तिच्या बाहेरच्या अंगाला टणक पापुद्रा येतो, तोच तिचा खरा बचाव. तिच्यावर साधा रंग मारला की पातळ पडदा तयार होतो. त्याच्यामागे पाणी अडकलं आणि थंडीत त्याचा बर्फ झाला की बर्फाला जागा जास्त लागते, मग विटेचं तोंडच सुटून येतं. तिकडे विटेसाठी वेगळा मुरणारा रंगही मिळतो. तो वर बसत नाही, विटेत शिरतो. वीट विटेसारखी आणि सांधा सांध्यासारखा दिसत राहतो, नुसता रंग बदलतो. त्यातल्या काही रंगांत पोटॅशियम सिलिकेट असतं, ते दगडाशी रासायनिक नातं जोडतं. ही युक्ती जर्मनीतल्या काइम (Keim) नावाच्या माणसाने १८७८ साली पेटंट केली. पण गडद विटेला त्याने पांढरंफेक करता येत नाही, आणि एकदा शिरला की तो परत काढता येत नाही. साधा रंग निदान खरवडता येतो, तोही भोकांतून पुरता कधीच निघत नाही. म्हणजे दोन्हीकडून परतीचं दार जवळपास बंद. "आणि काकी, काहीही मारायच्या आधी भिंतीवर पाणी शिंपडून बघायचं," तो म्हणाला. "पाणी मुरलं तर मुरणारा रंग घेईल. थेंब होऊन ओघळलं तर आधीच कुणीतरी तिला काहीतरी पाजलंय." मी फोन कानाला धरूनच तांब्या घेऊन गेले. आमच्या भिंतीवर थेंब होण्याचा प्रश्नच नव्हता. पाणी टेकल्याबरोबर गायब. तेवढीच जागा गर्द जांभळी झाली आणि आतून मातीचा वास आला.

त्याचा बेत ऐकून झाल्यावर मी त्याला विचारलं, तुला स्वतःला कसं हवंय? तो म्हणाला, मला काहीच करायचं नाही, पण काहीच न करणं हा निर्णय वाटत नाही ना कुणाला.

नंतर काही कामाने जुन्या गोव्याला जाणं झालं. तिथल्या बॉम जेझस चर्चसमोरून, म्हणजे बासिलिकेसमोरून, आपण शंभरदा गेलेलो असतो. या वेळी मी भिंतीकडेच बघत होते. उघडा चिरा, वाऱ्यापावसाने खाल्लेला, काही ठिकाणी सांधा पुढे आणि दगड मागे गेलेला. दर्शनी बाजूचं कोरीव काम काळ्या दगडाचं, वसईकडून आणलेल्या. ते अजून टोकदार आहे. रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल पांढरंशुभ्र. गोव्याच्या प्रत्येक पोस्टरवर हा लाल चेहरा असतो आणि आपण धरून चालतो की तो १६०५ पासून असाच आहे. तसा तो नाही. बासिलिकेला चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात पोर्तुगीजांनीच काढून टाकला, दगड उघडा असला की इमारत प्राचीन दिसते म्हणून. म्हणजे ज्याला आपण चारशे वर्षांचं रूप म्हणतो ते जेमतेम आमच्या सासूबाईंच्या वयाचं. २०२० मध्ये तिथल्या रेक्टरांनी, म्हणजे मुख्य पाद्र्यांनी, जाहीरपणे सांगितलं की दगड झिजतोय, गिलावा परत करा. त्यावर गदारोळ झाला. लोकांना तो लाल चेहराच आपला वाटत होता. मला दोन्हीकडची बाजू कळत होती आणि त्याने माझा गुंता जास्तच वाढला. बांधणाऱ्यांनी चिरा कधी दाखवायला म्हणून वापरलाच नव्हता. तो दाखवावा असं ज्यांना वाटलं त्यांना त्याच्या आत झोपायचं नव्हतं.

आसगाव, शिवोलीकडे आता नव्या बंगल्यांना चिऱ्याच्या पातळ फाका चिकटवतात. आत काँक्रीट, बाहेर बोटभर चिरा. दिसतं छान. आमच्याकडे ज्याला अर्धं घर म्हणतात त्याचं सोंग तिकडे कोटीच्या घरात विकलं जातं. यावर मी रागवायचं ठरवलं होतं, पण खरं सांगायचं तर त्या लोकांनी चिऱ्याला भाव मिळवून दिला नसता तर मीही तिकडे चहाचा कप घेऊन बसले नसते.

मग मी सासूबाईंना विचारलं, तुमच्या वेळी काय करायचे?

हे आधीच विचारायला हवं होतं असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, बोलल्या नाहीत. त्यांच्या माहेरी दर दिवाळीच्या सुमाराला चुना लागायचा. पोर्तुगीज अमदानीत पाऊस संपला की घर रंगवलंच पाहिजे असा दंडक होता, आणि पांढरा नुसता चर्चला, असं सगळेच सांगतात. पणजीच्या फोंताईनसमधली निळी, पिवळी, लाल घरं त्यातूनच आली म्हणतात. सासूबाईंना दंडकाचं काही ठाऊक नव्हतं, त्यांना पिंप ठाऊक होतं. शिंपल्या भाजून केलेला चुना यायचा. त्यावर पाणी ओतलं की तो खदखदायचा, पोरांना लांब उभं करायचे. रात्रभर मुरला की फडक्यातून गाळायचा, डिंकाचं पाणी घालायचं, आणि मग नीळ, पिवडी किंवा काव. केवड्याची मुळं ठेचून कुंचा करायचे. "पहिला हात मारला की रडू येई," त्या म्हणाल्या. ओला चुना पारदर्शक असतो, भिंत नुसती भिजल्यासारखी दिसते, सगळा दिवस फुकट गेला वाटतं. मग वाळता वाळता, जेवून येईपर्यंत, रंग वर यायला लागतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुन्याचा परत दगड होतो, हे त्यांना मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, त्यात त्यांना नवल वाटलं नाही. दरवर्षी पाऊस थोडा चुना धुऊन न्यायचा. न्यायचाच. त्यासाठीच तो असायचा, दगडाच्या ऐवजी त्याने झिजायचं. आणि त्याच्याही आधी, मिरगापूर्वी, पश्चिमेच्या भिंतीवर माडाच्या चुडतांची विणलेली झापं बांधायची. म्हणजे भिंतीवर चुना आणि चुन्यावर झापं. इतकं करून पाऊस सोसायचा. उघडी भिंत पावसात उभी करायची कल्पनाच त्या पिढीला निर्दय वाटली असती.

माझ्या डोक्यातला प्रश्न इथे जरा सरकला. इतके दिवस मी रंगवावं की उघडं ठेवावं यात अडकले होते. पेंटरच्या वॉरंटीत आणि चुन्यात खरा फरक रंगाचा नव्हताच. सात वर्षं भिंतीकडे बघावं लागणार नाही, असं वॉरंटी सांगत होती. चुना दरवर्षी अंगमेहनत मागत होता. घरात आता दोन म्हातारी माणसं, मी, नवरा. मुलगी बेंगळुरूला. दरवर्षी कुंचा कोण धरणार, हा प्रश्न सौंदर्याच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठा होता आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत बाकीचं बोलणं हौसेचं होतं.

नवरा म्हणाला, माणूस लावू. दरवर्षीचा खर्च सात वर्षांच्या खर्चाशी ताडून पाहिला तर चुना काही फार महाग पडत नाही, कारण सामान स्वस्त, मजुरीच काय ती. हे ठरलं तेव्हा मी कावेचा आग्रह धरला. काव कालवून पातळ चुना थेट चिऱ्यावर मारायचा, भोकं दिसत राहतील, दगडाचा लाल आणि कावेचा लाल एकमेकांत मिसळेल. पुतण्याच्या मुरणाऱ्या रंगाला आपल्याकडचा हाच जवळचा नातेवाईक. जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रं असतात, ओल्या चुन्यावर कावेचा थर देऊन मग खरवडून पांढऱ्या रेघा काढलेली, ती मला फार आवडतात. तेही कुठेतरी मनात होतं. सासूबाई म्हणाल्या, काव गडग्याला मारतात, घराला नव्हे. घर पिवळं होतं. मी म्हटलं, कशावरून? तेव्हा नवऱ्याने पडवीतली, वीज आली तेव्हा ठोकलेली मीटरची जुनी फळी काढली. सिमेंटच्या वेळी गवंड्याने तिच्या कडेकडेने काम उरकलं होतं, त्यामुळे मागे वीतभर जागा मूळ चुन्याची राहिली होती. नखाने खरवडत गेलो. वर पिवळा, खाली निळसर, खाली परत पिवळा, त्याखाली कुठलातरी हिरवट, आणि मग दगड. सासूबाईंना हिरवा आठवत नव्हता. त्यावर त्यांची आणि त्यांच्या धाकट्या दिरांची अर्धा तास फोनवर वादावादी झाली.

शेवटी असं ठरलं. सिमेंट भिंतीला लावायचं नाही. कोसळलेले सांधे चुन्याने भरायचे. शेवाळ काथ्याच्या ब्रशने काढायचं, प्रेशरचं पाणी मारायचं नाही, त्याने चिऱ्याची माती भोकांतून निघून येते. गळकी कौलं आधी बदलायची आणि जोत्याभोवतीचं पाणी वळवायचं, नाहीतर वरचं सगळं व्यर्थ. ओल सुटायला महिनाभर ऊन खाऊ द्यायचं. मग थेट चिऱ्यावर पिवडीचे तीन पातळ हात, खिडक्यांभोवती पांढरा पट्टा. पुढच्या मिरगाआधी झापं. चुडतं विणणारं कुणी मिळालं तर चुडतांची, नाहीतर हिरवी जाळी. पुतण्याला कळवलं. त्याने बायकोला आमच्या मीटरमागच्या जागेचा फोटो दाखवला म्हणे. ती म्हणाली, म्हणजे तुमच्याकडेही रंगवतातच की. त्याचं घर आता पांढरं होणार, निदान चुन्याने करा एवढं मी सुचवून ठेवलंय.

पेंटरला हा बेत पसंत नव्हता. चिऱ्यावर पिवळा उठून दिसणार नाही, डाग डाग वाटेल, चुन्याची मी वॉरंटी देत नाही, असं तो दोनतीनदा म्हणाला. मी म्हटलं, वॉरंटी नकोच, पुढच्या दिवाळीनंतर परत ये. त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर पण ये. त्याने जरा विचार केला, खिशातून मोबाइल काढून त्यात काहीतरी लिहिलं आणि दोन वर्षांचा ॲडव्हान्स एकदम देता का, असं विचारलं.